कोंडलेला शब्द

एका राज्यात, सात डोंगरांच्या पल्याड, चंद्रकेतू नावाचा राजा होता. राजा निपुत्रिक होता. मरतेसमयी त्याने आज्ञा केली, "माझ्यामागे गादीवर कोणाचा वारसा चालायचा नाही. पौर्णिमेच्या सकाळी प्रजेने मैदानात जमावे आणि आपला कारभारी आपण निवडावा."

राजाचा प्रधान कालजित मोठा मांत्रिक होता. त्याने घरोघर एकेक सोन्याचा मणी धाडला. साल दुष्काळाचे, लोकांनी मणी घेतले. ज्याने मणी घेतला, त्याच्या गळ्यातून 'नाही' आणि 'नको' हे दोन शब्द निघून गेले.

सुगंधा कोष्टीण हिनेही मणी घेतला. तिची लेक तापाने फणफणली होती आणि वैद्य फुकट येत नव्हता. नवरा जिवाजी परगावी होता. तो परतला, तेव्हा गावाला काय झाले हे त्याने ओळखले, आणि चावडीवर उभा राहून प्रधानाला लबाड म्हणाला.

शिपायांनी त्याला धरून दरबारात नेले. साक्षीला सुगंधेला बोलावले.

"बाई, तुझा नवरा राजद्रोही आहे?" प्रधानाने विचारले.

सुगंधेने 'नाही' म्हणायला जिवाच्या कराराने तोंड उघडले. शब्द आला, "होय."

जिवाजीने तिच्याकडे पाहिले. "पोरीला जप," एवढेच म्हणाला. पौर्णिमेला त्याला सुळी द्यावे असे ठरले.

सुगंधा नदीकाठी धाय मोकलून रडली. तेव्हा बाभळीवरची साळुंकी बोलली, "बाई, तुमचे शब्द जिवंत आहेत. डोंगराखालच्या गुहेत एका रांजणात कोंडले आहेत. वाटेत तीन दारे. प्रत्येक दारी तुला काहीतरी देऊ करतील. घेतलेस, तर शिळा होशील."

"मग मी नकार देऊ कशी? शब्द तर गेला."

"हात आहेत ना?"

सुगंधा निघाली. पहिल्या दारी नाग होता. त्याने चांदण्याच्या सुताचा शालू पसरला. असे वीणकाम तिने जन्मात पाहिले नव्हते. बोटे शिवशिवली, तिने हात पाठीशी बांधले. नाग बाजूला झाला.

दुसऱ्या दारी एक म्हातारी होती. तिच्या हाती औषधाची वाटी. "हे पाजलेस, तर लेक जन्मभर आजारी पडणार नाही." सुगंधा फार वेळ उभी राहिली. वाटी घ्यायला तिचा हात पुढे गेला होता. मग तिने डोळे मिटले आणि हात मागे ओढला.

तिसऱ्या दारी यक्ष होता. तो म्हणाला, "तुझा नवरा या घडीला सोडतो. बाकीच्यांचे शब्द इथेच राहू देत."

सुगंधा खाली बसली. तोंड पदरात घालून हुंदके देऊ लागली. पण जागची हलली मात्र नाही. सरतेशेवटी यक्षाने दार उघडले आणि रांजण तिच्या डोक्यावर दिला. "हा हाताने फुटत नाही," तो म्हणाला. "मणी घेणाऱ्यांनी चारचौघांत कबुली द्यावी, तेव्हाच फुटतो."

पौर्णिमेची सकाळ. मैदान फुललेले. सुळाशी जिवाजी बांधलेला. प्रधान चौथऱ्यावरून म्हणाला, "तुम्हांला कारभारी म्हणून मीच हवा ना?"

लोक 'होय' म्हणायला तोंड उघडतात, तोच सुगंधा ओरडली, "मी मणी घेतला! लेकीच्या औषधासाठी घेतला, आणि त्यापायी नवऱ्यावर खोटी साक्ष दिली!"

रांजणाला तडा गेला. मागून म्हातारा पाटील कापऱ्या आवाजात बोलला, "मीही घेतला." मग सोनार बोलला, मग वैद्य. रांजण फुटला. शब्द मधमाश्यांसारखे घोंघावत ज्याच्या त्याच्या गळ्यात परतले, आणि सारे मैदान गरजले, "नाही!"

प्रधानाची विद्या तिथेच सरली. उरला एक थरथरणारा म्हातारा. लोक धोंडे उचलून धावले. सुळापासून सोडवलेला जिवाजी आडवा आला.

"नाही. याचीही बाजू ऐकायची. पंच नेमा, मग न्याय करा."

लोकांनी धोंडे टाकले. पाच पंच निवडले, तेही दुपारपर्यंत भांडून भांडून, आणि प्रधानाचा न्याय व राज्याचा कारभार त्यांच्याच हाती दिला.

परतीच्या वाटेवर सुगंधेने हळूच विचारले, "अहो, मला क्षमा केलीत?"

"आजच्या आज नाही," जिवाजी म्हणाला. "पण घरी चल. पोर वाट पाहत असेल."

सुगंधा त्याच्या बरोबरीने चालू लागली. त्या राज्याची घडी अशी बसली. ऐकणाऱ्यांच्या राज्याचीही बसो.