खोडरबराची धास्ती

इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, त्या काळातली गोष्ट. एका दप्तरात चाररेघी वही, पेन्सिल आणि खोडरबर राहत. पेन्सिलीनं इंग्रजीत पाच वाक्यं लिहिली होती. पुढच्या तासाला बाई वही तपासणार, म्हणून खोडरबर एकेक शब्द पुन्हा पुन्हा तपासत होता.

"पहिलं अक्षर कॅपिटलच हवं ना गं?"

"तेच काढलंय."

"नक्की? राहू दे, खोडतोच. आणि शेवटी पूर्णविराम की प्रश्नचिन्ह?"

"प्रश्न विचारलाय, म्हणजे प्रश्नचिन्ह. अरे, थांब!"

तो कसला थांबतोय! लाल पेनाची एकही रेघ पडता कामा नये, म्हणून शंका आली की तो खोडायचा. पेन्सिल पुन्हा लिहायची, तो पुन्हा खोडायचा. घंटा झाली तेव्हा पान काळवंडलं होतं, मधोमध भोक पडलं होतं आणि एकही वाक्य उरलं नव्हतं.

लाल पेन पानावर येऊन नुसतंच थांबलं.

"एकही चूक नाही!" खोडरबर घाईघाईनं म्हणाला.

"हो ना," लाल पेन म्हणालं. "मग आज मी शिकवू तरी काय?"

भोकातून पुढचं कोरं पान दिसत होतं. पेन्सिल तिकडे वळली.

"मी लिहितेय," ती खोडरबराला म्हणाली. "तू जरा लांब बस."