एका दिवसाची वाट

पुष्कळ वर्षं लोटली त्याला. एका राजाने डोंगराच्या पायथ्याशी बंधारा घातला होता आणि तिथून लांबलचक पाट काढून चार गावांना पाणी दिलं होतं. पाटाच्या शेवटच्या गावात चिमाबाई नावाची एक बाई राहत होती. तिचं माहेर पहिल्या गावात, बंधाऱ्याजवळ. लग्न होऊन ती पाटाच्या काठाने खाली आली, ती पुन्हा कधी वर गेली नाही. त्याला पस्तीस वर्षं झाली होती.

पहिली काही वर्षं ती मुराळ्याची वाट बघायची. सासरी गेलेल्या लेकीला माहेरी न्यायला जो येतो, तो मुराळी. दिवाळी जवळ आली की शेजारच्या सुनांचे भाऊ यायचे, गाड्या जुंपल्या जायच्या, आणि चिमाबाई भांडी घासायच्या निमित्ताने पाटावर जाऊन वरच्या अंगाला बघत बसायची. तिच्यासाठी कोणी आलं नाही. सासू म्हणायची, विसरले असतील तुला. होता होता तिनेही ते खरं मानलं.

पुढे नवरा गेला, सासूही गेली, घराच्या किल्ल्या चिमाबाईच्या कमरेला आल्या. आता तिला अडवणारं कोणी नव्हतं. पण ज्यांनी कधी बोलावलं नाही त्यांच्या दारात आपण होऊन कसं जायचं, या मानापायी आणखी दहा वर्षं गेली.

अशात एका दिवाळीच्या तोंडावर तिच्या सुनेचा भाऊ दारात आला. सून दोन वर्षांत एकदाही माहेरी गेली नव्हती. ती तेव्हा शेतात होती. चिमाबाईने त्याला ओसरीवर बससुद्धा म्हटलं नाही. ती यायचं नाही म्हणते, असं सांगून तिने त्याला वाटेला लावलं. असं का केलं, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला कुठे कोणी नेलं होतं, एवढंच तिच्या मनात होतं.

तिन्हीसांजेला सून पाणी आणायला गेली, ती लवकर परतेना. चिमाबाई बघायला गेली. सून भरलेली घागर बाजूला ठेवून पाटाच्या काठावर उभी होती आणि वरच्या अंगाला बघत होती. चिमाबाई तशीच मागे फिरली. पण तेव्हापासून तिला घास गोड लागेना. आईचा तेल लावणारा हात आठवायचा, बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज कानात घुमायचा.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता तिने भाकरी बांधून घेतली, देवीला जाऊन येते म्हणून सांगितलं, आणि पाटाच्या काठाने एकटीच चालू लागली.

वाटेत आधी गाव लागलं ते सुनेच्या माहेरचं. चिमाबाईने पदर पुढे ओढला आणि मान खाली घालून ते ओलांडलं. पुढे उसाचे मळे लागले, मग हळदीच्या शेतांचं गाव आलं. तिथे पाटावर धुणं धूत असलेल्या एका बाईने, कुठे निघालात, असं सहज विचारलं. देवीला, असं म्हणायला चिमाबाईने तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"माहेरी," ती म्हणाली.

मग मात्र तिचे पाय थांबले नाहीत. ऊन कलायच्या आत बंधारा दिसू लागला. पस्तीस वर्षं जी वाट तिला सरणारी वाटली नव्हती, ती एका दिवसाचीही नव्हती.

गावाच्या कडेला एक पांढऱ्या मिशांचा माणूस शेताला पाणी देत होता. त्याने तिच्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि हातातलं खोरं खाली ठेवलं.

"चिमाक्का?"

तो तिचा धाकटा भाऊ होता. घरी नेऊन त्याने तिला पाणी दिलं, जेवू घातलं. बराच वेळ दोघंही इकडचं तिकडचं बोलत राहिली. शेवटी तिने विचारलंच, "मला न्यायला कधी कोणी का आलं नाही रे?"

"सात दिवाळ्या आलो अक्का मी. दर खेपेला तुझी सासू वेशीतच भेटायची. तू यायचं नाही म्हणतेस, असं सांगायची."

"आणि तू खरं मानलंस?"

"पहिल्या वर्षी नाही मानलं. सातव्या वर्षी मानलं."

आई कुठे आहे, हे विचारायचं तिला धाडस होत नव्हतं. भावानेच सांगितलं. आई गेल्या मार्गशीर्षात गेली. ती कधी रागावली नाही. चिमा सुखात असेल, म्हणून तिला आमची आठवण होत नसेल, असं म्हणायची. लेकीने माहेर तोडलं असं धरून चालल्यामुळे तिला कळवायचंही कोणाला सुचलं नव्हतं.

चिमाबाईला रडू आलं नाही. तिला फक्त आपल्या ओसरीपुढे उभा असलेला तो दुसरा भाऊ दिसत राहिला. सासूचे शब्द आपल्या तोंडून जसेच्या तसे निघाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती निघाली, तेव्हा भाऊबीजेपर्यंत तरी राहा, असा भावाने आग्रह धरला. "येईन मी पुन्हा," ती म्हणाली. "पण आज मला गेलंच पाहिजे."

येताना तिने पदर पुढे ओढला नाही. ती सरळ सुनेच्या माहेरच्या दारात जाऊन उभी राहिली. सुनेची आई उंबऱ्यात डाळ निवडत होती.

"विहीणबाई, तुमच्या लेकीचा तो निरोप नव्हता. माझा होता. मी खोटं बोलले."

त्या बाईचा हात सुपातच थांबला. मग ती उठली आणि तिने मुलाचा फेटा खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला.

त्याला घेऊन घरी पोचल्यावर चिमाबाईने सुनेला सगळं सांगितलं, भाऊ आधी येऊन गेला होता तेही. सुनेने दोष दिला नाही, पण ते असू द्या असंही म्हटलं नाही. तिने गाठोडं बांधलं, पाया पडली आणि मग विचारलं, "आत्याबाई, तुम्ही कुठे गेला होतात?"

"माझ्या आईला भेटायला."

"भेटल्या?"

"नाही गं. उशीर झाला."

सुनेने गाठोडं काखेला मारलं. मग भावाच्या मागून निघाली. चिमाबाई पाटापर्यंत गेली. दोघं काठाकाठाने वर जात होती आणि सून मध्येच पळाल्यासारखी चालत होती. ती दिसेनाशी झाली तरी चिमाबाई तिथेच उभी होती.

म्हणून लहानथोरांनो, आपली वाट कोणी अडवली असेल, तर निदान दुसऱ्याची वाट आपण अडवू नये.