गुळव्याच्या हाताची पट्टी

एका गावात एक पिठाची गिरणी होती. गावातल्या बातम्या धान्याआधी तिथे दळून निघायच्या. एका सोमवारी शेवंता तालुक्याच्या गाडीतून उतरली, घरून डबा घेऊन गिरणीत आली आणि रांगेतल्या बायांना म्हणाली, "तातोबा गुळव्याचा हात गेला म्हणे. आणि मांडीची कातडी सोलून..."

तेवढ्यात मल्लू गिरणीवाल्याने पट्टा चढवला. गिरणीची घरघर सुरू झाली आणि पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. आवाज थांबेपर्यंत थांबून नीट विचारावं, एवढी सवड कोणाला असते? ज्याने त्याने अर्धं वाक्य घरी नेलं आणि आपल्या मनाने पुरं केलं. दिवेलागणीपर्यंत तातोबाचा हात कोपरापासून गेला होता. जेवणं होईतो एक पायही गेला.

खरं काय घडलं होतं ते ऐका.

तातोबा गुऱ्हाळावर गुळव्या होता. काहिलीतला, म्हणजे भल्या मोठ्या कढईतला, उकळता पाक कधी उतरवायचा, हे तो घड्याळाला विचारत नसे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांत धरून गोळी वळायची, की त्याच्या बोटांना कळायचं. पंचक्रोशीत त्याच्या गुळाला नाव होतं, ते त्या उजव्या हातामुळे. तीन आठवड्यांपूर्वी काहील उतरवताना एकाचा पाय घसरला आणि पाक तातोबाच्या त्याच हातावर आला. पाक म्हणजे पाणी नव्हे, तो चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. बायको गौरा तिथे चिपाडं वेचत होती. तिने त्याला ओढत नेलं आणि हात हौदात बुडवून धरला, म्हणून हात राहिला. कातडी मात्र जळाली ती जळालीच.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी जखम रोज धुतली, मेलेलं मांस काढलं. सोमवारी त्यांनी तातोबाच्याच मांडीवरची कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ कातडी काढली आणि त्या हातावर पसरून बसवली. वर घट्ट पट्टी बांधली, हात फळीला जखडला. दवाखान्यात खाटा थोड्या होत्या, म्हणून बुधवारी त्याला घरी पाठवलं. पाठवताना बाई म्हणाल्या, "ही पट्टी शनिवारी मी सोडणार. तोवर कोणी बोट लावायचं नाही."

"आत काय झालंय ते कसं कळणार?" तातोबाने विचारलं.

"उसाचं बेणं लावता, तेव्हा डोळा फुटला का बघायला रोज उकरता का?"

"उकरलं तर मरंल की ते."

"मग हेही तसंच. खालच्या जखमेतून या कातडीत रक्त जायला लागलं की ती तुमची झाली. तोवर ती नुसती ठेवलेली आहे. हलली की मेली."

इतकं सोपं सांगितलं होतं. ऊस लावणाऱ्या माणसाला याहून सोपं कसं सांगणार?

पण गावची रीत अशी की, आजाऱ्याला भेटायला जायचं आणि जखम बघूनच उठायचं. न बघता आलात तर दुसऱ्याला सांगणार काय? बुधवारी दुपारपासून गौराच्या सोप्यात रांग लागली. बिस्किटाचे पुडे आले, नारळ आले. येणारा प्रत्येकजण चहा घ्यायचा, आपल्या मेव्हण्याच्या भाजल्याची गोष्ट सांगायचा आणि म्हणायचा, "बघू दे की जरा."

गौरा उंबऱ्यात सूप घेऊन बसली. "चहा घ्या, बसा. पट्टी सुटायची न्हाई."

"आमी का परके?"

"परके न्हाई म्हणून तर घरात घेतलं."

लोक रागावून उठले. रागावलेला माणूस गप्प थोडाच बसतो? "हातच उरला नसंल, म्हणून झाकत्यात," असं बोलणं गिरणीत सुरू झालं. एकजण म्हणाला, मांडीची कातडी नवऱ्याची नव्हे, गौराचीच सोललीय, म्हणून ती बसून असते. गुऱ्हाळात दुसरा गुळव्या आणायची बोलणी चालू झाली. आपण शेजारी म्हणवतो. आम्हीही कुंपणावरून दोनदा डोकावलो होतो, खोटं कशाला बोला. पण ज्या हातावर घर चाललंय, तो बरा होईतो तीन दिवस दम धरवत नाही, याला काय म्हणावं?

हे सगळं तातोबाच्या कानावर गेलं. खाटेवर पडलेल्या माणसाला कान सोडून दुसरं असतं काय? शुक्रवारी त्याचा थोरला चुलतभाऊ केरबा आला. केरबा मानाचा माणूस. त्याला दारातून चहा देऊन घालवता येत नाही, म्हणून गौरा चूल पेटवायला आत गेली.

केरबा म्हणाला, "तात्या, गावात तोंड दाखवायची लाज वाटते. जो तो विचारतोय, भावाला हात हाय का न्हाई. काय सांगू?"

तातोबाने भाजताना आवाज काढला नव्हता. कातडी काढली तेव्हा काढला नव्हता. पण हे बोलणं त्याला लागलं. तो म्हणाला, "दादा, एकदा बघ. आन सांग सगळ्यांना, हात हाय म्हणून. म्हंजे तोंडं बंद होतील."

केरबाने पट्टी सोडली. पट्टीखालची औषधाची जाळी करंगळीच्या बाजूला चिकटली होती, ती त्याने उचलली. जाळीबरोबर कातडीही उचलली गेली. त्याने घाईने ती अंगठ्याने दाबून परत बसवली, वर पट्टी गुंडाळून गाठ मारली आणि गौरा चहा घेऊन आली तेव्हा तो आपले हात मांडीवर ठेवून बसला होता. चहा पिऊन तो सरळ गिरणीत गेला. "हात हाय. मी ह्या डोळ्यांनी बघितला," असं त्याने सांगितलं. लोकांना आनंद झाला. खरंच झाला, तेच तर वाईट.

शनिवारी डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. हाताच्या पाठीवरची कातडी गुलाबी झाली होती. बाईंनी बोट दाबून उचललं, की तिथे परत रक्त धावत होतं. ती तातोबाची झाली होती. पण करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटावर ती काळी पडली होती.

"पट्टी कोणी सोडली?" बाईंनी विचारलं.

"मीच," तातोबा खाली बघून म्हणाला.

गौराने त्याच्याकडे पाहिलं. मग सोबत आलेल्या, दारात उभ्या असलेल्या केरबाकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाई, ह्यांचा एक हात तर फळीला बांधलेला. एका हातानं इतकी नीट गाठ बसती का?"

केरबा मागच्या मागे निघून गेला.

दोन बोटांवर पुन्हा कातडी लावावी लागली, दुसऱ्या मांडीवरची. आणखी पाच दिवस. या वेळी गौराने दाराला आतून कडी घातली आणि कोणाला काय वाटेल याचा विचार केला नाही. कातडी बसली, जखम भरली. पण मधल्या दिवसांत ती दोन बोटं आखडली, ती काही पुरती वाकेनात.

पुढच्या हंगामात तातोबा पुन्हा काहिलीपाशी उभा राहिला. गोळी वळायला अंगठा आणि दोन बोटं पुरतात. गुळाचं नाव राहिलं. काहील धरायला मात्र त्याला आता दुसरा माणूस लागतो.

त्या दिवसांत गौरा दळण घेऊन गिरणीत आली. शेवंता तिथेच होती. ती रांगेतल्या बायांना म्हणत होती, "मी पहिल्या दिवशी म्हटलं नव्हतं का, हात गेला म्हणून? कातडी सोलली म्हणून?"

मल्लूचा हात पट्ट्यावर होता. गौरा त्याला म्हणाली, "थांब रे दोन मिनिटं. माझं पुरं होऊ दे." मल्लू थांबला. गिरणीत एवढी शांतता कधी झाली नव्हती.

"कातडी सोलली, हे खरं," गौरा म्हणाली. "त्यांचीच, त्यांच्याच मांडीची. हात गेला, हे खोटं. तू सांगितलंस तेव्हा काहीच गेलं नव्हतं, शेवंता. दोन बोटं गेली. ती काहिलीनं नेली न्हाईत. तू सांगितलंस ते खरं का खोटं, हे बघायला आले, त्यांनी नेली."

गौराने डबा रांगेत ठेवला आणि मल्लूला म्हणाली, "हं, कर आता चालू."

तात्पर्य: जखम भरायला औषधाइतकंच झाकणही लागतं. ज्याची खरी काळजी वाटते, त्याच्या दाराशी जाऊन परत यावं, पण त्याची पट्टी सोडू नये. बघण्याच्या हौसेने अर्धी अफवा खरी होते, आणि तिची किंमत आजाऱ्याच्या अंगातून जाते.