फलक उतरल्यावर

एकदा एका माणसाचे नाव त्याच्या पुढे निघून गेले. माणूस होता गडहिंग्लजचा विश्वंभर शिंत्रे आणि ते नाव होते 'विश्वदीप'.

आरंभ अगदी साधा होता. बाजारपेठेच्या टोकाला एक गाळा, त्यात पंखे, इस्त्र्या आणि मिक्सर. त्या काळी घरात मिक्सर येणे हा एक छोटा समारंभच असे. विश्वंभर वस्तू विकून मोकळा होत नसे. खोके खांद्यावर घेऊन तो स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जाई, प्लग बसवून देई, झाकणावर हात ठेवून भांडे कसे फिरवायचे ते दाखवी. मग त्या भांड्यातली पहिली चटणी भाकरीबरोबर चाखूनच उठे. काही बिघडले तर दुकानाच्या मागच्या टेबलावर स्वतःच स्क्रू उघडून बसे. कंपन्यांची नावे लोकांना पाठ नव्हती. विश्वंभरकडून घेतले एवढे त्यांना पुरत होते.

हळूहळू शेजारच्या गावांतून माणसे येऊ लागली. म्हणू लागली, "शेठ, जागा आमची, राबणार आम्ही. तुम्ही फक्त तुमचं नाव द्या आणि माल द्या." व्यापारात याला फ्रँचायझी म्हणतात. विश्वंभरने पहिली काही दुकाने दिली ती माणसे पारखून, त्यांच्या घरी जेवून. निपाणीचा रसूल मुल्लाणी हा वायरमन, त्याला पहिले दुकान मिळाले. उत्तूरच्या शालन मगदूमने अंगणवाडीची नोकरी सोडली, तिच्या नवऱ्याने आपले सायकलचे दुकान आवरून जागा करून दिली, आणि तिथे 'विश्वदीप'चा निळा फलक चढला. त्या दिवशी शालनने सगळ्या गल्लीला जिलेबी वाटली होती.

पुढे फलक इतके झाले की विश्वंभरला त्यांची गावे आठवेनात. कोल्हापुरात वातानुकूलित कार्यालय झाले. दिवाळीत वर्तमानपत्राची अख्खी पाने 'विश्वदीप'ने उजळू लागली. लातूर-सोलापूरकडच्या ज्या माणसांना त्याने आपले नाव दिले, त्यांचे चेहरेही त्याने पाहिले नव्हते. याच सुमारास एका सल्लागाराने त्याला सांगितले, "साहेब, प्रत्येक दुकानात ते दुरुस्तीचं टेबल जागा अडवून बसलंय. तिथे टीव्हीची भिंत उभी करा. तक्रारींसाठी एक फोन नंबर देऊन टाकू." सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता आणि हिशेबात चूकही नव्हती. सगळ्या दुकानांतून टेबले उचलली गेली. रसूलने फोन करून कुरकुर केली होती, "शेठ, टेबल नसलं तर माणूस दुकानात परत कशाला येईल?" विश्वंभर हसून म्हणाला होता, "नवीन घ्यायला येईल की!"

मग काळ फिरला. शहरांत काचेची मोठी दालने उघडली. लोक घरबसल्या मोबाइलवरून फ्रिज मागवू लागले, आणि तो विश्वंभरला घाऊकात पडे त्याहून स्वस्तात दारात येऊ लागला. विश्वंभरचे दुकान आणि इतर कुणाचे दुकान यांत आता फरक उरला नव्हता, तेव्हा लोकांनी स्वस्त ते निवडले. त्यांना दोष कोण देणार? एकेक फलक उतरू लागला. कोल्हापूरचे कार्यालय गेले. शेवटी उरलेल्या दुकानदारांच्या मोबाइलवर एक निरोप गेला : 'विश्वदीप' बंद होत आहे, महिनाअखेर फलक उतरवावेत.

निरोप कारकुनाने लिहिला होता. विश्वंभरने तो वाचून मान हलवली आणि घरी येऊन झोपाळ्यावर बसला. त्यानंतर तो घराबाहेर पडेना. फोन वाजला की पालथा घाली. तो लबाड नव्हता. कुणाला बुडवावे असे त्याच्या मनात कधी आले नव्हते. पण ज्यांनी आपल्या नावावर संसार मांडले त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने उभे राहायचे, हे त्याला कळत नव्हते. लाजेने माणूस आतून कडी घालून घेतो, तसे त्याचे झाले होते.

त्याची पत्नी कुमुदिनी मुकाट्याने सगळे पाहत होती. एके दिवशी तिने त्याच्या शाळेतल्या गुरुजींना शालनपासून रसूलपर्यंत सगळी हकीकत निरोपाने कळवली.

गुरुजी आता फार थकले होते. एकटेच राहत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कापडी पिशवी घेऊन ते दारात उभे.

"विशू, मला मिक्सर घ्यायचाय. चल."

विश्वंभर गडबडला. "गुरुजी, गोदामात पडलेत की. आत्ता आणून देतो."

"गोदामातला नको. दुकानातून घ्यायचाय. उत्तूरच्या दुकानातून."

"उत्तूरच्या? ते दुकान... ते आता बंद होतंय, गुरुजी."

"म्हणूनच तर घाई आहे," गुरुजी म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

गुरूला नाही म्हणण्याची विश्वंभरला सवय नव्हती. त्याने गाडी उत्तूरच्या रस्त्याला लावली.

उत्तूरच्या दुकानात निम्म्या फळ्या रिकाम्या होत्या. शालन एका फ्रिजला दोरी बांधत होती. तिने वर पाहिले, विश्वंभरला ओळखले, आणि क्षणभर तिचे हात थांबले. मग ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. कोपऱ्यात एक म्हातारी टेबलफॅन मांडीवर घेऊन बसली होती.

"बाई, मला एक मिक्सर द्या," गुरुजी म्हणाले.

शालनने मान हलवली. "नका घेऊ, आजोबा. महिनाअखेर हा बोर्ड उतरणार. बिघडला तर मी कुणाकडं पाठवू? तो फोनसुद्धा आता कुणी उचलत न्हाई."

"तरी द्या. आणि गॅरंटी लिहून द्या."

"गॅरंटी कंपनीची असायची. कंपनीच ऱ्हायली न्हाई, तर लिहू कुणाच्या नावानं?"

गुरुजींनी विश्वंभरकडे बोट केले. "याच्या."

विश्वंभरच्या कानशिलांवर रक्त चढले. "गुरुजी, माझ्या नावानं कशी लिहिणार? माझ्याकडे आता आहे काय?"

"नाव आहे ना. तेवढंच मागतोय." गुरुजींनी खिशातले पेन काढून त्याच्यापुढे धरले. "लिही. बिघडला तर मी बघेन, विश्वंभर शिंत्रे."

विश्वंभरने लिहिले. अक्षर त्याचे त्यालाच ओळखू येईना.

तेवढ्यात कोपऱ्यातली म्हातारी उठली. "मालक तुमीच व्हय? मग माझ्या फॅनवर पण लिवा. उन्हाळ्यातच घेतलाय आन् फिरंना झालाय." ती मोठ्याने बोलली, तशी बाहेर उभी असलेली दोन माणसे आत डोकावली. एकाची इस्त्री बंद होती. एकाला नुसतेच बघायचे होते.

विश्वंभरला वाटले, धरणी दुभंगावी. तो शालनकडे वळला. "शालनताई, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

शालन शांत होती, पण तिचे डोळे भरले होते. "मेसेज आला, शेठ. तुमी आला असता तर मी भांडले असते, रडले असते, आन् च्या करून पाजला असता. मेसेजसंगं माणसानं भांडायचं कसं?"

विश्वंभरने म्हातारीचा पंखा घेतला, इस्त्री घेतली, गाडीत ठेवली आणि गुरुजींना घेऊन निघाला.

गाव मागे पडल्यावर त्याने गाडी एका झाडाखाली उभी केली. इतका वेळ दाबलेला संताप बाहेर आला.

"गुरुजी, तुम्ही मला चारचौघांत उघडं पाडलंत. तुमच्या तोंडात दात नाहीत, घरात दुसरं माणूस नाही. तुम्हाला मिक्सर कशाला हवा होता?"

"मिक्सर नकोच होता," गुरुजी म्हणाले. "तो त्या बाईंच्या जुन्या अंगणवाडीत देऊन टाकीन. मला तुझी सही हवी होती."

गुरुजी सावकाश बोलू लागले.

"विशू, वृद्धी आणि ऱ्हास या काळाच्या गोष्टी आहेत. मोठमोठी राज्यं लयाला गेली, तिथे पंख्यांच्या दुकानांचं काय? दुकानं बंद पडली याबद्दल तुला कुणी दोषी धरणार नाही, आणि तूही धरू नकोस. पण तू विकलंस काय, हे एकदा आठव. पंखे कारखान्यातून येत होते. तू त्यांच्यासोबत एक शब्द देत होतास, 'मी आहे.' लोकांनी तो शब्द विकत घेतला. पुढे तोच शब्द तू शालनला दिलास, रसूलला दिलास, आणि त्यांनी आपल्या गावाला दिला. दुकान बंद करता येतं, दिलेला शब्द बंद करता येत नाही. तुझा फलक उतरेल. पण फलक उतरवायला सुद्धा माणसाला स्वतः जावं लागतं, रे. चढवताना तू प्रत्येक ठिकाणी गेला होतास ना?"

"सगळीकडे नव्हतो गेलो, गुरुजी," विश्वंभर खालच्या आवाजात म्हणाला. "पहिल्या काही ठिकाणीच गेलो होतो. पुढे नाही."

"मग आता जा," गुरुजी म्हणाले. "उशिरा गेलेला माणूससुद्धा गेलेला असतो."

दुसऱ्या दिवसापासून विश्वंभर निघाला. उरलेल्या प्रत्येक दुकानात तो स्वतः गेला. शिडी धरून उभा राहिला, स्वतःच्या हाताने फलक खाली घेतले. कुठे शिव्या खाल्ल्या, कुठे जेवला. एका ठिकाणी दुकानदाराची म्हातारी आई त्याला म्हणाली, "इतका वाळलास व्हय?" आणि तिने त्याच्या पानात भाताची आणखी एक मूद वाढली. प्रत्येक ठिकाणी निघताना तो एकच वाक्य बोले, "माझ्या नावावर विकलेलं काही बिघडलं तर मला कळवा." विसरलेले काम हातांनी पुन्हा शिकून घ्यायला वेळ लागला. सोबतीला त्याने एक जुना कारागीर घेतला. गडहिंग्लजच्या मूळ गाळ्यात मागे एक टेबल मांडले. म्हातारीचा पंखा पहिल्यांदा फिरला तेव्हा तो त्याच्यासमोर बराच वेळ नुसता वारा घेत बसून राहिला.

शालनने दुकान चालू ठेवले. तिने आपल्याच आडनावाचा फलक लावला, माल थोडा ठेवला आणि दुरुस्तीच्या वस्तू गोळा करून विश्वंभरकडे धाडू लागली. विश्वंभरची श्रीमंती परत आली नाही. येणारही नव्हती.

निपाणीला मात्र त्याचे काही चालले नव्हते. रसूल मुल्लाणीने त्याला पाहताच शटर खाली ओढले होते. आतूनच म्हणाला होता, "शेठ, मी तुम्हाला सांगितलं होतं. आता बोलण्यासारखं काही राहिलं नाही." विश्वंभर बंद शटरसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि परतला. ती बोच त्याच्या मनातून गेली नव्हती.

बरेच महिने गेले. पावसाळा सरला होता. एका दुपारी गाळ्यासमोर एक टेंपो थांबला. मागे दोरीने बांधलेले एक कपडे धुण्याचे यंत्र होते. ड्रायव्हर म्हणाला, "निपाणीहून मुल्लाणींनी पाठवलंय. सांगितलंय, हे तुमच्या बोर्डाखाली विकलेलं आहे." एवढाच निरोप होता.

यंत्र अवघड होते. आतला पट्टा तुटला होता आणि मोटारीत पाणी गेले होते. विश्वंभर आणि कारागीर त्याच्याशी आठवडाभर झगडले. यंत्र फिरू लागले तेव्हा त्याने रसूलला फोन केला. फोन उचलला गेला. "झालंय," तो म्हणाला. रसूल पलीकडून म्हणाला, "टेंपो नका पाठवू. मीच येतो न्यायला."

तो आला. केस पार पांढरे झाले होते. त्याने यंत्र लावून पाहिले, झाकणाला कान लावून ऐकले आणि बंद केले. मग त्याची नजर मागच्या टेबलाकडे गेली. त्यावर उघडे पडलेले पंखे, स्क्रू, तारांची भेंडोळी यांच्यावरून ती सावकाश फिरली. स्टूल ओढून त्याने टेबलाशी बैठक मारली, समोरचा अर्धवट उघडलेला मिक्सर हातात घेतला आणि म्हणाला, "याचं काय झालंय?"

विश्वंभरने त्याच्या हातात पाना ठेवला आणि चहा सांगायला उठला. उठता उठता त्याला जाणवले की आपल्याला क्षमा मागायची होती, आणि ती मागण्याआधीच आपल्या टेबलाशी येऊन बसली आहे.

ज्यांना आपण आपले नाव देतो, त्यांच्या दारात आपण एकदा तरी स्वतः उभे राहावे.