काकवीचा डोहाळा

"...मग आणखी किती शांत राहू, ते तरी सांगा!"

गौराक्कांनी सुपातल्या तांदळातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

माळावरच्या मठीत त्या एकट्याच राहत. विरक्त होण्याआधी चाळीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीतली बाळंतपणं केली होती. समोर बसलेली वैजयंती सात महिन्यांची गरोदर होती. कोल्हापुरात ती ध्यानाचे वर्ग घ्यायची. गर्भवतींनी मन शांत कसं ठेवावं, हा तर तिचा हातखंडा विषय.

शिकवायची सवय लागलेलं माणूस विचारायला आलं, तरी सांगतच बसतं. तीही सांगत होती.

"पहाटे ध्यान. संध्याकाळी श्लोक. घरात टीव्ही बंद. सात महिन्यांत मी एकदाही चिडले नाही, आक्का. डोळ्यांतून टिपूस नाही."

"आन् झोप?"

"नाही लागत. दीड महिना झाला. आता रक्तदाबही चढतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असाच चढत राहिला तर बाळाच्या जिवाला धोका आहे."

"गोळ्या दिल्यात?"

"दिल्यात. घेते."

"त्या सोडायच्या न्हाईत. बाई म्हणतील तसं वागायचं." आक्कांनी सूप हलवलं. "डोहाळे कसले लागले?"

"कसलेच नाहीत. मनावर ताबा असला की डोहाळे लागत नाहीत."

आक्का मोठ्यानं हसल्या.

"अगं, राजाच्या राणीला चुकले न्हाईत. तुलाच बरे चुकले!"

वैजयंतीला राग आला. सात महिन्यांतला पहिलाच असावा. तिनं तो गिळला.

"एक आहे. पण खुळचटपणा आहे तो."

"सांग की."

"काकवी."

"कुणाच्या गुऱ्हाळावरची?"

"अण्णांच्या. माझ्या वडिलांच्या. दर हंगामाला किटली भरून घेऊन यायचे."

"मग औंदा?"

"मला चौथा महिना होता, तेव्हा अण्णा गेले." वर्गात सूचना द्यावी तशा आवाजात ती म्हणाली. "पोटुशीनं मातीला जाऊ नये म्हणून मला नेलं नाही. सगळे म्हणाले, रडू नकोस, पोटातल्याला त्रास होईल. मी नाही रडले. आजतागायत नाही."

हेही तिनं मान ताठ ठेवूनच सांगितलं.

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. आत गेल्या. वाटीत काकवी घेऊन आल्या.

"डोहाळा अडवू नये. घे."

वैजयंतीनं बोट बुडवून जिभेला लावलं. डोळे मिटून चव घेतली.

"अशी नव्हती त्यांची," ती म्हणाली. "अण्णांची जरा करपायची. लोकांशी गप्पा मारत बसायचे ना... जाळाकडे लक्षच नसायचं..."

मग ती रडली. हुंदके देऊन, नाक ओढत, लहान पोरीसारखी "अण्णा, अण्णा" करत. तिच्या वर्गातल्या बायकांनी पाहिलं असतं तर ही आपलीच बाई आहे हे त्यांना खरं वाटलं नसतं. आक्कांनी तिला गप्प केलं नाही. पाठीवर हात ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या.

एकाएकी ती दचकली. दोन्ही हात पोटावर गेले.

"आक्का... हललं! केवढ्यानं हललं. मी रडतेय ते त्याला कळलं... आता काय करू?"

आक्कांनी पदरानं तिचं तोंड पुसलं.

"कळू दे की. आजा गेला, हे घरच्या माणसाला सांगाया नगं व्हय?"