तुंगाबाईनं लपवलेली कप्पी

उंच डोंगरावर एक गाव होतं, आणि त्या गावात होती तुंगाबाई. सरका बघू जवळ, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

तुंगाबाई अशी दणकट, की भरलेलं पोतं काखेत मारून पायऱ्या चढायची. गावाला विहीर एकच, आणि ती इतकी खोल की वाकून बघितलं तर गरगरायचं. पोहरा वर ओढताना बायकांचे हात सोलून निघायचे. मग तुंगाबाईच सगळ्यांचं पाणी काढून द्यायची. लोक म्हणायचे, "तुंगाबाई आहे म्हणून गाव आहे." तिला ते ऐकायला फार गोड वाटायचं, बरं का.

मग तिच्या मुलाचं, रावजीचं, लग्न झालं. सून आली समुद्रकाठची. पोवळी तिचं नाव. काडीसारखी बारीक. तिचा बाप होडी चालवायचा, आणि होडीचं शीड वर चढवायला त्याच्याकडं लाकडी कप्प्या असायच्या. त्यातली एक त्यानं लेकीला दिली होती. कप्पी म्हणजे कडेनं खाच असलेलं चाक. खाचेत दोर बसतो, आणि दोर ओढला की चाक फिरतं.

पोवळीनं काय केलं, विहिरीवर दोन खांब रोवून घेतले, त्यांवर आडवं लाकूड टाकलं आणि त्याला कप्पी टांगली. मग दोर धरून ती खाली ओढू लागली, आणि पोहरा आपला वर! कप्पी गाऊ लागली, कुईं कुईं. दोर दगडाला घासेना. वाकून उपसायचं काम संपलं. खाली ओढायचं म्हणजे आपल्या अंगाचा भारसुद्धा मदतीला येतो ना! म्हाताऱ्या आल्या, पोरी आल्या, जी ती आपलं पाणी आपण काढू लागली.

आणि तुंगाबाईला कुणी हाक मारेना.

ती उंबऱ्यात बसून राहायची. विहिरीवरचं हसणं तिच्या कानांत टोचायचं. एका दुपारी विहिरीवर कुणी नाही असं बघून तिनं कप्पी सोडली, पदराखाली घेतली आणि घरी येऊन धान्याच्या कणगीत खोल पुरली.

संध्याकाळी रावजीनं विचारलं, "आई, कप्पी दिसली का गं?"

"नाही बाबा."

तेवढ्यात कणगीतून आवाज आला, कुईं. कप्पी फिरत नव्हती, दोर नव्हता, तरी आवाज! तुंगाबाई घाईघाईनं म्हणाली, "उंदीर झालेत मेले."

मग शेजारणी आल्या. "तुंगाबाई, कप्पी कुठं गेली हो?" "मला काय ठाऊक!" कणगी पुन्हा म्हणाली, कुईं, कुईं. "दार कुरकुरतंय," म्हणत तुंगाबाईनं तोंड फिरवलं. तिचे कान तापले होते.

मग काय झालं, गाणाऱ्या कप्पीची कीर्ती ऐकून खुद्द राजा डोंगर चढून तुंगाबाईच्या दारात आला. त्यानं विचारलं, "बाई, तुमच्या घरची कप्पी म्हणे हरवली?"

"हरवली महाराज," तुंगाबाई म्हणाली. कणगी अशी ओरडली की तिला खोटंखोटं खोकावं लागलं. राजासमोर मान वर होईना.

राजाचा घोडा तहानलेला होता. पोवळी धावली विहिरीवर. कप्पी नाही, म्हणून काठावर वाकून पोहरा ओढायला लागली. काठ ओला होता. पाय सटकला, आणि पोवळी धप्पकन आत!

सगळा गाव धावला. पोवळी समुद्राची लेक, पोहत होती. तिनं दोर कमरेला बांधला. वर तुंगाबाईनं दोर धरला आणि जीव खाऊन ओढला. जोर होता हो तिच्यात! पण दगडाच्या धारेवर दोर घासला आणि त्याचे पीळ एकेक करून तुटायला लागले. आणखी ओढलं असतं तर दोर तुटला असता. तिनं हळूहळू पोवळीला परत पाण्यात सोडलं.

आणि मग ती ओरडली, "कप्पी माझ्याकडं आहे! मी लपवली!"

रावजी आईकडं बघतच राहिला. राजानं ऐकलं, शेजारणींनी ऐकलं. तुंगाबाई घरी पळाली, कप्पी घेऊन आली. लोक बाजूला झाले. त्यापेक्षा कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

रावजीनं कप्पी टांगली, नवा दोर ओवून खाली सोडला. तुंगाबाईनं ओढला, आणि पोवळी अलगद वर आली. थंडीनं दातावर दात आपटत होते.

तुंगाबाई म्हणाली, "पोरी, मी तुला मारलंच होतं गं."

पोवळी हळूच म्हणाली, "आत्याबाई, कप्पी कणगीत आहे हे मला ठाऊक होतं. मी तिचा आवाज ओळखते."

"मग बोलली का नाहीस?"

"चार लोकांत तुमची मान खाली गेली असती."

हे ऐकलं मात्र, आणि तुंगाबाईनं पदरात तोंड लपवलं. कितीतरी दिवस ती कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. पाण्यालाही अंधार पडल्यावर जायची.

मग देवळात मोठी घंटा चढवायची ठरली. घंटा इतकी जड की कुणाच्यानं हलेना. पोवळीच्या बापानं आणखी एक कप्पी धाडली. पोवळीनं एक कप्पी वर तुळईला बांधली, दुसरी घंटेच्या कडीला, दोराचं एक टोक तुळईला बांधलं आणि दोर दोन्हींतून ओवला. आता अर्धं ओझं तुळईनं पेललं, अर्धंच ओढणाऱ्याच्या हातात आलं. मात्र दोर दुप्पट ओढावा लागतो हं, फुकट काही नसतं. सासू-सून दोघींनी मिळून ओढला. घंटा वर गेली.

लोक ओरडले, "वा तुंगाबाई! काय ताकद!"

तुंगाबाईची मान खालीच होती. मान वर करून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं काही नाही त्यात. माझ्या सुनेची करामत आहे."

तेव्हा कुठं तिला पोवळीकडं सरळ बघता आलं.

पुढं त्या गावात कडबा माळ्यावर चढवायला कप्पी, देवळाचं निशाण चढवायला कप्पी, घर बांधताना दगड उचलायलाही कप्पी आली. सासू-सून एका ताटात जेवल्या, सगळी माणसं आनंदात राहिली. चला, गोष्ट झाली. पांघरुणं घ्या आणि मिटा डोळे.