शिकार व्हावी, खोकडी राहावी

"शिकार अशी झाली पाहिजे की पाहुण्यांच्या घोड्याला फेस आला पाहिजे! आणि खोकडीच्या अंगावरचा एक केस वाकडा होता कामा नये!"

असा हुकूम सोडून कोंढेगाव संस्थानचे हैबतराव सरकार मिशीला पीळ देत बसले. समोर गोजरा उभी. सरकारी कुरणाच्या राखणदाराची लेक. बापाचे गुडघे धरल्यापासून कुरण तीच राखायची.

सरकार सहा महिने विलायतेत राहून आले होते. तिथले जमीनदार घोड्यांवर बसून, कुत्र्यांची झुंड सोडून कोल्ह्यामागे कसे धावतात, ते बघून सरकारांचं डोकं फिरलं. येताना बोटीतून लांब कानांची तेरा कुत्री घेऊन आले. कुत्री आली, पण पळायचं कुणी? थोरल्या सरकारांनी माळावर इतक्या बंदुका उडवल्या होत्या, की खोकड, म्हणजे आपल्या कोल्ह्याचं धाकटं भावंड, सबंध संस्थानात एकच उरलेलं. तेही मादी, आणि बाळंतीण! चार पिलं पोटाशी!

"सरकार, लेकुरवाळी हाय ती. यंदा सोडा की!"

"अगं, ते मलाही कळतं! विलायतेत पिलांच्या दिवसांत शिकार करत नाहीत. बीज राखतात ते लोक."

"मग?"

"मग काय मग! शेजारच्या संस्थानचे फत्तेसिंगराव येतायत आठ दिवसांनी. भर पंगतीत मला म्हणाले, कुत्री काय नुसती दूध प्यायला आणलीत? आता शिकार झाली नाही तर माझं नाक गेलं. खोकडी मेली तर बीज गेलं. दोन्हींतलं एक जरी गेलं, तर तुझी राखणदारी गेली, झोपडी गेली, आणि मेंढरं कुरणाबाहेर!"

"म्हंजे सरकार, लगीन बी लागलं पायजे आन् नवरी बी माहेरीच ऱ्हायली पायजे!"

"बरोब्बर!" सरकार खूश झाले. राजेलोकांना टोमणा जरा उशिरा कळतो. मधे पगडी असते ना!

गोजरा वाड्याबाहेर पडली ती तोंड पाडून. बाहेर आठवड्याचा बाजार भरलेला. कोकणातून आलेली एक बाई सुक्या बोंबलांची पाटी घेऊन कुत्रेखान्यावरून चाललेली. आणि अहो, काय सांगावं! ती तेरा कुलीन विलायती कुत्री जाळीवर अशी तुटून पडली, असं गळे काढून रडू लागली, जणू पाटीत त्यांची आजीच होती!

गोजरा थबकली. मग हसली. मग सबंध पाटीच घेतली!

आठ दिवस ती रोज दुपारी गुपचूप जाळीतून एकेक तुकडा आत सरकवी. कुत्र्यांना दूध नकोसं झालं.

शिकारीच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तिनं उरलेले बोंबील घोंगडीच्या तुकड्यात बांधले, गाठोड्याला दोरी लावली आणि निघाली फरफटवत. खोकडीचं बीळ पूर्वेला, म्हणून ही पश्चिमेला. ज्वारीत पाऊल घातलं नाही, बांधाबांधानं गेली. ओढ्यात उतरली, बाभळींतून वाकून निघाली, खडकाळ माळाला दोन वळसे घातले. चार कोसांवर साळिंदराचं एक जुनं रिकामं बीळ होतं. त्यात गाठोडं काठीनं खोल ढकललं आणि बसली भाकरी खात.

ऊन चढलं. तुतारी वाजली. कुत्री सुटली!

अशी शिकार कोंढेगावानं पाहिली नव्हती. कुत्री पुढं, घोडे मागं, धुरळा वर! फत्तेसिंगराव ओढ्यात भिजले, बाभळीत फाटले, माळावर भाजले. धोतराचा अर्धा भाग काट्यांना दान केला, पण थांबले नाहीत. शेवटी कुत्र्यांनी बिळाला वेढा घातला आणि एकच गिल्ला केला. घोड्याच्या तोंडाला फेस, आणि पाहुण्यांच्याही!

"हा कसला वास गं, पोरी?" फत्तेसिंगरावांनी नाक दाबलं.

"खोकडीचाच, धनी! भ्याली की असाच येतो."

सरकारांनी वास घेतला. सहा महिने उकडलेले बटाटे खाऊन आलेला माणूस तो, बोंबील ओळखणार नाही? मिशी थरथरली, तशी त्यांनी तिला घट्ट पीळ दिला.

तेवढ्यात फत्तेसिंगराव गरजले, "काढा तिला बाहेर! विलायतेची रीतच आहे, पहिला पोचेल त्याला शेपूट! घरी दिवाणखान्यात खिळासुद्धा ठोकून आलोय मी!"

सरकारांचं हसू जागच्या जागी गोठलं. शेपूट आणायचं कुठून? रिकाम्या बिळातून? पोलखोल झाली तर नाक गेलं! त्यांनी गोजराकडं पाहिलं, आणि त्या नजरेत राखणदारी, झोपडी, मेंढरं सगळं होतं.

गोजरानं शांतपणे पदर सावरला.

"शेपूट? ते आता कसं मिळंल, धनी? घातलं की तिनं!"

"घातलं? कुठं घातलं?"

"आवो, तेरा कुत्री मागं लागली तरी नेटानं पळत हुती. पर हितं येऊन तिनं वळून बघितलं, आन् घोड्यावर तुमी दिसला! मग काय, घातलं शेपूट आन् शिरली आत!"

"मग खणून काढा!"

"काढते की! पर शेपूट तुमच्या खिळ्याला दिसलं तर लोक म्हनतील, खोकडीनं शेपूट घातलंच नव्हतं. फत्तेसिंगरावांना बघून साधी खोकडी बी भ्याली न्हाई! चालंल?"

फत्तेसिंगरावांनी उरलेलं धोतर सावरलं. मग छाती काढून म्हणाले, "छे छे, घातलंच असणार! मला बघून वाघसुद्धा घालतो!"

झालं! सरकारांना जे हसू फुटलं, ते आवरेचना. पोट धरून हसता हसता ते घोडीवरून खाली उतरले की पडले, ते कुणालाच कळलं नाही.

"गोजरे! कुरणाची राखणदारी तुझ्या घराण्याला, पिढ्यान् पिढ्या! कुरणात आजपासून बंदूक बंद! आणि ही घोडी तुला!"

गोजरानं वाट बघितली नाही. टांग टाकली आणि निघाली. घोडीवर राखणदाराची लेक, आणि मागून डोळे पुसत, हसत हसत पायी येणारे श्रीमंत हैबतराव सरकार!